आईचे गोंदण

आमच्या आईला जाऊन यंदा एक वर्ष झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचा मोठा फोटो असावा, असे आम्ही भावंडांनी ठरविले. मोबाइलमधले सगळे फोटो आजारपणातले. धड असा एकच होता. आमच्या जन्माआधी, १९७८ साली, तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. डोक्यावर पदर, कपाळावर व हनुवटीवर गोंदण आणि कॅमेऱ्याला भिऊन ताठ बसलेली आई. ओल लागून कागद पिवळा पडलेला.

आमच्या चिरंजीवांनी तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून संगणकावर घेतला. "बाबा, यात तयार प्रिसेट आहेत. एक बटण दाबलं की काम झालं," ते म्हणाले.

प्रिसेट म्हणजे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली मापे. उजेड किती वाढवायचा, सावल्या किती उघडायच्या, चेहऱ्यावरच्या बारीक रेषा किती पुसट करायच्या, ही सर्व मापे एकदम लागू होतात. आम्ही बावीस वर्षे कचेरीत छापील नमुने भरीत आलो. हा प्रकारही तसाच. नमुना आधी तयार, माणूस मागाहून त्यात बसवायचा.

पहिल्या प्रिसेटने फोटो तपकिरी झाला. दुसऱ्याने काळे-पांढरे इतके ठळक केले की आईचे डोळे सावलीत बुडाले. तिसरा मात्र खास चेहऱ्यांसाठी होता. चेहरा उजळला, कातडी गुळगुळीत झाली. आम्ही म्हणालो, "वा! हाच छापू."

त्याच दिवशी गावाहून अक्का आली. तिने चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "फोटू झ्याक हाय रं. पण ही बाई कोण? आईचं गोंदण कुठं गेलं?"

आम्ही मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिला. गोंदण जवळजवळ नाहीसे झाले होते. प्रिसेटने ते डाग समजून पुसले होते. उन्हातान्हात दुसऱ्याच्या शेतात राबून रापलेला आईचा रंगही गेला होता. माणसाची किंमत कातडीच्या रंगावर ठरत नाही, असे आम्ही सभांतून सांगत फिरतो. आणि आईचा रंग उजळलेला पाहून आम्हाला बरे वाटले होते! हे कबूल करणे जड जाते, पण खरे आहे.

दोष एकट्या यंत्राचा नाही. मापे माणसेच ठरवितात. पूर्वी रंगीत फोटो छापताना रंग जुळविण्यासाठी कोडॅकचे 'शर्ली कार्ड' वापरीत. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिची कातडी नीट उठली की छपाई बरोबर, असा हिशेब. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९० च्या दशकात आले. मोजपट्टीच एका रंगाची असेल, तर दुसरा रंग चूक ठरणारच.

आम्ही सर्व प्रिसेट काढून टाकले. चांगल्या प्रोग्राममध्ये मूळ फोटो शाबूत राहतो, केलेले बदल मागे घेता येतात. मग हाताने काम सुरू केले. पिवळेपणा घालविला. डोळे दिसावेत एवढ्याच सावल्या उघडल्या. अक्का शेजारी बसून बोट दाखवीत होती, "ह्यो डाग कागदाचा, पूस. ह्यो आईचा, ऱ्हाऊ दे." दोन तास लागले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातले जुने फोटो जरूर नीट करा. प्रिसेटही लावून पाहा, त्यात वावगे काही नाही. मात्र मूळ प्रत वेगळी जपा, आणि त्या माणसाला जवळून पाहिलेले कोणीतरी शेजारी बसवा. कागदाचा डाग कोणता आणि माणसाची खूण कोणती, हे बटणाला कळत नाही.

कार्यक्रमाला आईची एक जुनी सोबतीण काठी टेकीत आली. फोटोसमोर उभी राहिली. हनुवटीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "गोंदणारीण आली तवा आमी दोघी संगंच रडलो व्हतो."