‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या पेशंटची मुलगी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो उशिरा बोलायला लागला होता, नजर चुकवायचा, सारखे हात फडफडवायचा. सोबत जनुकीय तपासणीचा रिपोर्ट होता : दोष आढळला नाही. मी म्हणालो, “सगळी जनुकं तपासलीत. काळजी करू नकोस.”

तिथे माझं चुकलं. आठ महिन्यांनी बालमेंदूतज्ज्ञांनी वेगळी तपासणी सांगितली आणि निदान झालं : फ्रॅजाइल एक्स.

मग पहिल्या तपासणीत हा दोष का दिसला नाही?

आपल्या डीएनएमध्ये सुमारे 3 अब्ज अक्षरं आहेत. त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर पुन्हा पुन्हा येणारा आहे. बहुतेक तपासण्यांत यंत्र शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि संगणक ते जागेवर बसवतो. आरतीसंग्रहाच्या अनेक प्रती फाडून तुकडे केले, असं समजा. कडव्यातला तुकडा लगेच जागेवर बसतो. पण ध्रुवपदाचा तुकडा कितव्या कडव्यानंतरचा, हे कसं ओळखणार?

पूर्वी असे तुकडे बरेचदा वगळले जायचे. आता संख्याशास्त्राची मदत घेतात. प्रत्येक संभाव्य जागेच्या आसपास खात्रीचे तुकडे किती आहेत ते पाहायचं, त्या प्रमाणात संशयित तुकडा वाटून द्यायचा आणि आकडे स्थिर होईपर्यंत हा हिशोब पुन्हा पुन्हा करायचा. त्यातून कळत गेलं, की एके काळी ‘जंक’ म्हटलेल्या या भागातही जनुकं चालू-बंद करणारी बटणं आहेत.

फ्रॅजाइल एक्समध्ये नेमकं हेच बिघडतं. ‘एफएमआर1’ या जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं एरवी साधारण 5 ते 44 वेळा येतात. ती 200 पेक्षा जास्त वेळा आली, की पेशी तिथे मिथाइल नावाची रासायनिक कुलपं लावते आणि जनुक बंद पडतं. पुढचा मजकूर शाबूत असतो, पण वाचलाच जात नाही. सहाशेहून जास्त अक्षरांची ही माळ दीडशेच्या तुकड्यात मावणार कशी?

संख्याशास्त्र शक्यता सांगतं. संशोधनाला ती उपयोगी पडते, पण एका मुलाच्या निदानाला पुरत नाही. त्यासाठी ती अक्षरं मोजणारी खास तपासणीच लागते.

हा दोष या मुलाला आईकडून आला होता, म्हणजे तिच्या बहिणीतही असण्याची शक्यता होती. मी ‘काळजी करू नकोस’ म्हणालो, तेव्हा ती बहीण नुकतीच गरोदर होती. निदान झालं तेव्हा तिचं बाळ महिन्याचं होतं. वेळेवर तपासणी आणि सल्ला मिळणं हा तिचा हक्क होता. माझ्या एका वाक्यामुळे तो हुकला. मी दोघींची माफी मागितली.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : “या तपासणीत काय पाहिलेलं नाही?” मी आता तो स्वतःलाच आधी विचारतो.