बांबूचा कागद

आमच्या चंद्रपूरच्या घरात बांबू सगळीकडे होता. आजीच्या हातातलं सूप, धानाची टोपली, छताखालचे तट्टे, पावसाळ्यात पानात पडणारी वास्त्यांची भाजी. शाळेच्या वह्यासुद्धा त्याच्याच असतात, असं बाबा सांगत. गडचिरोलीकडच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाई आणि कागद होऊन बाहेर पडे. बांबूने लादलेले ट्रक रस्त्यात दिसले, की ही सगळी पानं कोण लिहिणार, असं मनात येई.

पुढे कामानिमित्त धानोरा तालुक्यातल्या गोंड घरांमध्ये राहणं झालं. तिथे घराचा कूड बांबूचा, कुंपण बांबूचं, धान साठवायची कणगीही बांबूचीच. पण तो आणायला जाणारा माणूस वनरक्षकाच्या भीतीने दबकत जाई. बांबू खरं तर गवत. १९२७च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं आणि राखीव जंगलातलं झाड सरकारचं झालं. ज्यांच्या पिढ्या त्या रानात गेल्या, त्यांचा निस्तार हक्क, म्हणजे घरच्या गरजेपुरतं रानातून आणायचा हक्क, दप्तरात पडून राहिला. कारखान्याला मात्र बांबू तोडायचे पट्टे मिळत गेले. ज्या वह्यांवर मी अक्षरं गिरवली, त्यांची ही किंमत कुणीतरी मोजत होतं. हे समजल्यापासून कोरा कागद माझ्यासाठी कोरा राहिलेला नाही.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यात बांबू गौण वनोपज म्हणून नोंदला गेला, म्हणजे तो गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावाचा. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवाना काही मिळेना. बांबू गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा तर सही वन खात्याची! गाव अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आता बांबू कधी, किती तोडायचा आणि कुणाला विकायचा, हे गाव एकत्र बसून ठरवणार होतं. दोन वर्षांनी गावाने ग्रामदान केलं, शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या. कर्जापायी, फसवणुकीपायी आदिवासींच्या हातून जमीन कशी निसटते, हे पाहिलेल्या मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

बांबू जपून तोडला, तर त्याच बेटातून पुढच्या पावसात कोंब फुटतात. डोंगराचं तसं नाही. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे आणि तिथेच लोहखनिजाची खाण चालू आहे. परिसरातल्या ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले. मेंढ्याच्या परवान्याला जे वजन मिळालं, तेच या ठरावांना मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही, आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात राहिले.