कोणाच्या तोंडून?

कादंबरी कोणाच्या तोंडून सांगितली आहे, हा प्रश्न मी महाविद्यालयात गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांपुढे मांडीत आलो आहे. मला स्वतःला मात्र तो प्रथम विचारला गेला खाप्यास, कन्हानच्या काठी, आमच्या पणजीच्या खोलीत.

1989 चा उन्हाळा. मी इंग्रजी घेऊन बी. ए. करीत होतो. ज्या राज्यात सुव्यवस्थेच्या नावाखाली माणूस चिरडला जातो, अशा राज्यांच्या कादंबऱ्यांनी, म्हणजे 'डिस्टोपियन' कादंबऱ्यांनी, मला झपाटले होते. झाम्यातिन या रशियन लेखकाची, 1924 साली प्रथम इंग्रजीतून निघालेली 'वुई' नुकतीच वाचली होती. तिचा निवेदक डी-503 राज्याच्या गौरवासाठीच टिपणे लिहितो आणि त्या गौरवातूनच आपल्याला भय वाटू लागते. अखेर शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात. तरी लिहिणारा 'मी' कायम राहतो आणि जिच्यावर प्रेम केले तिचा छळ शांतपणे नोंदवितो. दुसऱ्या कोणी हे सांगितले असते, तर वाचकास केवळ कीव आली असती.

हे डोक्यात घेऊन मी पणजीला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' वाचून दाखवीत होतो. 1890 पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः आलेली ही कथा यमुना स्वतः सांगते. येथे राज्य नाही, घर आहे; जुलूम येतो तो रीत म्हणून, आप्तांच्याच हातून. व्याख्यानाऐवजी आपल्या कानी एका पोरीचे घरगुती बोलणे पडते आणि त्यामुळेच पुढे तिचे केशवपन होते तेव्हा आपल्याला दूर उभे राहता येत नाही.

पणजी स्वतः सोवळी होती. सोळाव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हापासून अंगावर आलवण. केशवपनाच्या प्रकरणाशी येताच मी पुस्तक मिटून तिला समजावू लागलो: सुधारकांचा काळ, हरिभाऊंचे तरुण वय, प्रथमपुरुषी निवेदनाची योजना. तिने बराच वेळ ऐकून घेतले. मग डोईवरचा पदर सारखा करीत विचारले, "एवढं सगळं ऐकून घ्यायला तिला कोण भेटलं रे, बाळा?"

मला उत्तर सुचले नाही. मी पुन्हा पुस्तक उघडले आणि वाचू लागलो.

पुढे मार्गारेट अ‍ॅटवुड यांची 1985 सालची 'द हँडमेड्स टेल' वाचनात आली. दास्यातील एका बाईने सांगितलेली ती कथा संपल्यावर, 2195 सालच्या एका परिषदेत प्राध्यापकमंडळी थट्टामस्करी करीत तिच्या कथनाची छाननी करतात. वर्गात ते प्रकरण शिकविताना मुले हसतात. मला मात्र खाप्याची ती खोली आठवते. पणजी समोर बसली होती, आणि बोलत होतो मी.

त्याच पावसाळ्यात ती गेली. तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे, ते सारे इतरांनी सांगितलेले आहे.