लिंपण आणि छाप

आपल्या शाळेच्या वसतिगृहात मी पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलो आणि पुढे इतिहासाचा शिक्षक म्हणून येथेच परतलो. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा मी इतिहासावर लिहावे असे सहकाऱ्यांना वाटले. मला मात्र चित्रकलेचा तास आठवला. इतिहासाचा पहिला धडा मी तेथेच, आणि तोही स्वतःच्या अपराधातून शिकलो.

१९८४ साली मी नववीत होतो. आमच्या चित्रकलेच्या सरांनी लिनोलियमचे तपकिरी तुकडे आणले होते. उन्हात ठेवले की ते मऊ होत आणि कोरणी सहज चाले. कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि राखलेला भाग काळा उमटतो, एवढे समजताच मी उत्साहाने 'जय भीम' ही अक्षरे कोरली. छापखान्यातून मागून आणलेली शाई रुळाने लावली, वर कागद ठेवला, स्वयंपाकघरातील पळीच्या पाठीने तो घासला आणि उचलून पाहिला. शिरोरेखा तेवढी जागेवर होती. बाकी सारी अक्षरे पाठमोरी. 'भी'ची दीर्घ वेलांटी चक्क ऱ्हस्व दिसत होती. वर्ग हसला. सर एवढेच म्हणाले, "जे छापायचे, ते आधी उलट्या बाजूने पाहायला शीक."

त्याच वर्षी भोजनगृहाच्या लांब भिंतीवर महाडचे भित्तिचित्र काढायचे ठरले. एका बाजूला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आणि त्यांच्यामागचा जनसमुदाय. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषद, जेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. शाळेच्या सहलीत आम्ही अजिंठा पाहिला होता. तेथील चित्रांखाली मातीचा गिलावा असून त्यात भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, त्यावर चुन्याचा पातळ थर आहे, हे सरांनी लेण्यातच समजावून सांगितले होते. आपल्या भिंतीलाही तसाच हात द्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही माती कालवली आणि थापली. दोन दिवसांत ती भेगाळली आणि तिचे पोपडे गळू लागले.

त्या रविवारी माझी माय भेटायला आली. ती गवंड्याच्या हाताखाली कामाला जात असे. लुगड्यावर चुन्याचे डाग तसेच होते. मला शोधत ती भोजनगृहात आली आणि भिंत पाहून थांबली. बोटाने गिलावा दाबून म्हणाली, "तूस कमी पडलं, लेकरांनो. अन् भिताड कोरडंच ठेवलंय. आधी पाणी पाजा त्याला."

सरांनी तिला हात जोडले. "बाई, तुम्हीच दाखवा मुलांना." तिने पदर खोचला आणि चिखलात हात घातला. मुले भोवती जमली. "या कोणाच्या आई?" सरांनी विचारले.

मी म्हणालो, "आमच्या गावच्या आहेत, सर."

मायची पाठ आमच्याकडे होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा भिंतीवरून फिरू लागला. जाताना तिने भाकरीचे गाठोडे स्वयंपाकीणबाईंच्या हाती दिले आणि सांगितले, "आमच्या गावचं एक पोरगं हाय इथं, त्याला द्या."

माझे खोटे तिने असे शेवटपर्यंत सांभाळले. ती भाकर मला गिळवली नाही. रोज सकाळी वंदनेत मी पंचशील ग्रहण करीत होतो; त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. श्रमप्रतिष्ठेवर भाषण करून मी बक्षीसही मिळवले होते.

पुढच्या लिनोवर मी एक हात कोरला. थापी धरलेला, पेरापेरावर चिरा पडलेला. खाली दोन शब्द, या वेळी नीट उलटे: 'माझी माय'. दहा प्रती काढल्या. सरांनी काहीही विचारले नाही. नऊ प्रती वर्गावर्गांत आणि भोजनगृहात लावू दिल्या. दहावी प्रत दिवाळीच्या सुटीत घरी नेली. मायला वाचता येत नव्हते. शेजारच्या मुलीने ते दोन शब्द वाचून दाखवले. माय बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.

"असे किती छापलेस?"

"दहा."

"बाकीचे कुठं हायत?"

"शाळेत. समद्यांनी पाहिले."

तिने तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचला. त्या रविवारविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढे एम. ए. करताना वज्रच्छेदिका सूत्राच्या चिनी प्रतीविषयी वाचले. इ. स. ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी म्हणजे तारीख नोंदवलेला जगातील सर्वांत जुना उपलब्ध मुद्रित ग्रंथ. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आई-वडिलांसाठी, लोकांना विनामूल्य वाटण्याकरिता तो करवून घेतला, अशी नोंद तिच्या अखेरीस आहे. ती वाचताना मला माझ्या दहा प्रती आठवल्या. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील शिलालेखात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे नाव आजही वाचता येते. तेथील भिंती लिंपणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत. माझ्याच घरातले एक नाव मी पंधराव्या वर्षी भर वर्गात पुसले होते, म्हणून ही उणीव मला पुस्तकी वाटत नाही.

नव्या भोजनगृहासाठी ती भिंत पाडावी लागली. त्या ठरावावर माझीही सही आहे. पाडण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून चौकटी आखून संपूर्ण चित्राची नक्कल करून घेतली. ती ग्रंथालयात आहे. माय त्याआधीच गेली. लिनोचा तुकडा कडेला तडकला आहे, तरी अजून छापतो. दरवर्षी नववीला महाडचा सत्याग्रह शिकवून झाला की मी मुलांसमोर त्याची एक प्रत काढतो. कोणीतरी विचारतेच, "सर, हा हात कोणाचा?"

"माझ्या आईचा," मी सांगतो. "आपल्या शाळेची भिंत तिने लिंपली होती."

जय भीम!