सौरघटातील सोन्या-चांदीचे कण

सेंद्रिय सौरघटाची मुख्य अडचण त्याच्या जाडीत आहे. सिलिकॉनच्या घटातील चकती शंभर मायक्रोमीटरांहून जाड असते, तर कार्बनी रेणूंनी बनलेल्या सेंद्रिय घटात प्रकाश शोषणारा थर बहुधा 100 नॅनोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या पदार्थांत प्रकाश शोषला गेल्यावर इलेक्ट्रॉन लगेच मोकळा होत नाही, तो आपल्या मागे राहिलेल्या धन जागेशी बांधलेलाच राहतो. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, आणि साधारण दहा नॅनोमीटर सरकेपर्यंत ती फुटली नाही तर विझून जाते. चिंग टँग यांच्या 1986 सालच्या दोन थरांच्या घटाची कार्यक्षमता म्हणूनच जेमतेम एक टक्का होती. 1995 मध्ये ॲलन हीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन देणारा व घेणारा असे दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळून ही अडचण बरीच दूर केली, तरी मोकळे झालेले विद्युतभार या मिश्रणातून संथपणेच वाहतात, त्यामुळे थर जाड करावा तर भार वाटेत हरवतात आणि पातळ ठेवावा तर प्रकाश निसटतो.

धातूचे नॅनोकण वापरण्याची कल्पना या पेचातून पुढे आली. अशा कणातील मुक्त इलेक्ट्रॉन विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर एकत्र दोलायमान होतात. या अनुनादाला प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात आणि त्याचे गणित गुस्ताव मी यांनी 1908 मध्येच मांडले होते. पाण्यातील सोन्याच्या लहान गोल कणांचा अनुनाद 520 नॅनोमीटरजवळ, तर चांदीचा 400 च्या आसपास असतो. कणाचा व्यास दुप्पट केला तर त्याने स्वतः शोषलेला प्रकाश आठपट होतो, पण चहूकडे फेकलेला, म्हणजेच विकिरित झालेला, प्रकाश चौसष्टपट होतो. त्यामुळे अगदी लहान कण प्रकाशाचे रूपांतर बव्हंशी उष्णतेत करतात, आणि प्रकाश तिरपा वळवून थरातील त्याचा मार्ग लांबवायचा असेल तर मोठेच कण घ्यावे लागतात.

लहान कणांचा उपयोग निराळा आहे. त्यांच्या लगत विद्युतक्षेत्र तीव्र होते, परंतु ही तीव्रता साधारण कणाच्या त्रिज्येइतक्या अंतरातच ओसरते. कण शोषक थरात मिसळले तर उघडा धातू एक्सायटॉन विझवतो, म्हणून त्यावर सिलिकाचे कवच चढवतात. कण शेजारच्या वाहक थरात ठेवले तर एक्सायटॉन सुरक्षित राहतात, पण तीव्र क्षेत्र शोषक थरापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. असे असूनही त्या मांडणीत प्रवाह वाढल्याचे अनेकदा आढळते, आणि येथेच सावधगिरी हवी, कारण कणांमुळे त्या थराची वाहकता व खडबडीतपणाही बदलतो. वाढ अनुनादाच्या तरंगलांबीभोवती केंद्रित असेल तर ती प्रकाशीय मानता येते. साऱ्या वर्णपटात ती सारखीच दिसत असेल तर तिचे श्रेय प्लाझ्मॉनला देणे घाईचे ठरते. प्रकाशित निष्कर्षांपैकी बरेच या कसोटीवर पुरेसे तपासलेले नसतात.

मूळ घट जितका दुबळा तितकी अशी वाढ ठळक दिसते, हेही विसरता येत नाही. 2019 मध्ये आलेल्या वाय-6 या रेणूमुळे कार्यक्षमता पंधरा टक्क्यांपलीकडे गेली. हा रेणू 900 नॅनोमीटरच्या जवळपासपर्यंत प्रकाश शोषतो आणि तेथे सोन्याचे लहान गोल कण निरुपयोगी ठरतात. लांबट कांड्यांच्या आकाराचे कण अनुनाद तिथवर नेऊ शकतात, मात्र त्या वाढवताना वापरलेले पृष्ठसक्रिय रसायन त्यांच्याभोवती विद्युतरोधक थर होऊन राहते, आणि ते काढू लागले की कांड्या एकमेकींना चिकटतात.