इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधून दोन पत्रे

लिंडहर्स्ट, मंगळवार

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

काल भाड्याची सायकल घेऊन फ्रिथमहून हॅम्प्टन रिजच्या खडीच्या वाटेने निघाले. ओक-बीचची झाडी संपली की एकदम उघडा माळ लागतो. आखलेली वाट सोडून सायकल न्यायची नाही, असा इथला नियम. तुम्ही वनखात्यातले, तुम्हाला तो आवडेल. मग उतरून पायी हिंडले.

हा अ‍ॅश्ली वॉकचा माळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या चाचण्यांची जागा. १३ मार्च १९४५ रोजी दहा टनी ‘ग्रँड स्लॅम’ बॉम्ब पहिल्यांदा टाकला तो इथेच. तो बनवणाऱ्या बार्न्स वॉलिसची युक्ती अशी, की बॉम्बने जमिनीत खोल शिरून मग फुटायचं. वरचं बांधकाम हादऱ्यानेच ढासळतं. दुसऱ्याच दिवशी जर्मनीत बीलेफेल्डचा रेल्वेपूल तसाच पाडला. आता इथल्या खड्ड्यांत पाणी साचलंय, काठच्या चिखलात तट्टांच्या खुरांची गिचमिड. मोकाट तट्टं इथे वाटेतही उभी असतात. घंटी वाजवली तरी ढिम्म.

परतताना पोर्तुगीज सैनिकांची चूल पाहिली. पहिल्या महायुद्धात लाकडाची मागणी भागेना, म्हणून त्यांना इथे कामाला आणलं होतं. त्यांच्या भटारखान्यातली तेवढीच राहिली आहे.

ब्रोकनहर्स्ट, गुरुवार

ती. अण्णा,

पहिल्या महायुद्धात इथे आपल्या जखमी शिपायांसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होतं. त्याची खूण म्हणून गावात अजून मीरत रोड आहे. नंतर इथे न्यूझीलंडचे सैनिक आले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांच्या नव्वदहून अधिक कबरी आहेत, ओळीने, नीट राखलेल्या. त्याच आवारात सुखा नावाच्या माणसाची कबर. हा बरेलीचा, रुग्णालयात सफाईला होता. जानेवारी १९१५ मध्ये वारला, वय तीस. हकिकत अशी सांगतात, की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचं दहन नाकारलं, मुसलमान नाही म्हणून मुसलमानांनी दफन नाकारलं. शेवटी इथल्या पाद्रीबाबांनी जागा दिली. दगड गावकऱ्यांनी बसवला. तो ख्रिस्ती नव्हता, हेही त्यावर सरळ कोरलंय.

समुद्र ओलांडला की जात जाते म्हणून आपल्याकडे प्रायश्चित्तं घ्यायला लावत. इथे तर जात जहाजात बसून आली, आणि सरकारनेही जातिधर्माची सोय पाहिली: तेव्हा ब्राइटनच्या अशाच रुग्णालयात हिंदूंचे नळ वेगळे, मुसलमानांचे वेगळे.

उद्या सायकल परत करून ब्राइटनलाच जाते. तिथे पॅचमच्या टेकडीवर हिंदू-शीख शिपायांना अग्नी देत, त्या जागी १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. फोटो पाठवीन, पण सुखाच्या दगडाचा आधी. आईला नमस्कार.

तुमची,
मीनू