शहात्तरची लय

दुःख विलंबितातच असायचे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. ख्याल ऐकत वाढलेल्या घरांत गांभीर्य आणि संथपणा यांची गाठ इतकी पक्की बसलेली असते की, लय जरा चढली की जाणती माणसे कपाळाला आठी घालतात. या संकेताला धक्का देणारे जे संगीत मला ठाऊक आहे, ते बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग.

हा भाग ए मायनरमध्ये आहे. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर षड्ज पांढरी सहा आणि गंधार कोमल. प्रथम फुंकीची वाद्ये एक स्वरसमूह जोरात धरतात आणि हळूहळू विरू देतात. मग व्हायोला, चेलो आणि डबल बास अगदी खालच्या आवाजात निघतात : एक लांब, दोन आखूड, दोन लांब. पुन्हा एक लांब, दोन आखूड, दोन लांब. सुरुवातीला त्याला चाल म्हणणेही कठीण. पंचमावरच पावले मोजत राहिल्यासारखे ते वाटते. दुसऱ्या फेरीला हा ठेका दुसऱ्या व्हायोलिनांकडे जातो आणि खाली व्हायोला-चेलोंतून एक लांबट, व्याकुळ ओळ वाहू लागते. फेरीगणिक वाद्ये वाढतात आणि शेवटी सारा वाद्यवृंद तेच पाऊल टाकू लागतो.

गंमत अशी की, बीथोव्हेनने या भागावर ‘अलेग्रेट्टो’ असे लिहिले आहे, म्हणजे जलदहून थोडे कमी. १८१७ साली त्याने आपल्या तोवरच्या आठही सिंफन्यांच्या लयीचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात या भागाला मिनिटाला ७६ मात्रा दिल्या आहेत. हे आकडे ज्या मेट्रोनोमने मोजायचे, त्याचे पेटंट मेल्झेलने १८१५ साली घेतले होते. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात, हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी ही सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा याच मेल्झेलचा यांत्रिक तुतारीवालाही कार्यक्रमात होता! श्रोत्यांनी मात्र पुन्हा मागून घेतला तो हा दुसरा भाग.

तरीही मोठमोठ्या वाद्यवृंद-संचालकांनी तो शोकयात्रेसारखा संथ घेतला. ऑटो क्लेम्परर यांचे फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचे १९६० चे ध्वनिमुद्रण ऐकावे. भव्य आहे, यात शंका नाही. एखाद्या दगडी देवळासारखे. पण देवळाला चालता येत नाही. उलट कार्लोस क्लायबर यांनी १९७५-७६ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेले ध्वनिमुद्रण आठ मिनिटांच्या आसपास संपते. त्यात घाई कुठेच नाही, पण उचललेले पाऊल हवेत अडकतही नाही.

माझे आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी रोज संध्याकाळी त्यांची नाडी मोजून वहीत लिहीत असे. बहुतेक दिवशी ती सत्तर ते ऐंशीच्या मध्ये भरे. बीथोव्हेन कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते; पण उशाशी मी दोन्ही ध्वनिमुद्रणे लावली, तेव्हा क्लेम्पररचे ऐकताना ते म्हणाले, “बाई, हा ठेका ओढतोय. याला पोचायचं नाही.” क्लायबरच्या वेळी त्यांची बोटे पांघरुणावर चालू लागली. एक लांब, दोन आखूड. त्यानंतर त्यांनी दुसरे काही लावू दिले नाही.

ते गेले, तेव्हा भजनी मंडळी आली. टाळमृदंग पुढे, तिरडी मागे. त्या वेळी माझ्या ध्यानात राहिले ते हे की, कोणीच संथ चालत नव्हते. खांदेकरी बदलत होते, रस्ता चढाचा होता, आणि टाळ त्यांना पुढे नेत होते. रडे होते, पण ते चालता चालता.

लय आणि स्वर यांची गाठ किती घट्ट असते, हे मला आजोबांच्या जुन्या कॅसेट प्लेअरने दाखवले. त्याचा पट्टा सैल पडला होता. एक दिवस मी सहज पेटी घेऊन बसले, तर षड्ज पांढरी सहाऐवजी काळी चारला बोलत होता. अर्धा स्वर उतरला म्हणजे वेग शेकडा सहाच्या आसपास कमी झाला. शहात्तरच्या जागी बहात्तर, आणि आठ मिनिटांच्या संगीताला जवळजवळ अर्धा मिनिट जास्त. एवढ्याशा फरकाने सारा भाग काळवंडल्यासारखा झाला. लयीमुळे की स्वरामुळे, हे टेपवर वेगळे काढता येत नाही. आज संगणकावर स्वर तोच ठेवून लय कमी करता येते. मी तसेही करून पाहिले. काळोखी तेवढी आली नाही. नुसता शीण आला.

मध्यावर ए मेजर येतो. षड्ज तोच, पांढरी सहाच. फक्त गंधार, धैवत, निषाद शुद्ध होतात आणि क्लॅरिनेट-बसून गाऊ लागतात. खिडकी उघडावी तसे वाटते. पण नीट कान दिला तर खाली बासच्या तारांवर तोच ठेका बोटांनी छेडला जात असतो. वरच्या गाण्याला तो अडवत नाही, आणि थांबतही नाही. माझ्या मते या भागातली सर्वांत धीट जागा ही. शोक पुरता फिटल्याचे सोंग बीथोव्हेन येथे करत नाही.

शेवटी तो ठेका तुकड्यातुकड्यांनी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो. अगदी अखेरीस व्हायोलिनांनी तारा छेडणे सोडून गज फिरवावा, अशी छापील प्रतीत सूचना आहे. क्लायबर ती पाळत नाहीत, अखेरपर्यंत बोटांनीच छेडवतात. जाणकारांत यावर वाद आहे. मला छेडलेले आवडते, कारण छेडलेला स्वर धरून ठेवता येत नाही. त्यावर फुंकवाद्यांचा तो पहिलाच स्वरसमूह पुन्हा येतो. त्याच्या तळाशी षड्ज नसतो, पंचम असतो. म्हणून तो टेकत नाही, तसाच विरतो.